खालच्या मजल्याचे ढोल, वरच्या मजल्याच्या क्लॅरिनेट

सिराक्युजच्या त्या प्रवासातून आपल्याला काय मिळणार, हे वेंचू शिक्लूनाला चांगलं पाठ होतं. पहिलं म्हणजे सांता लुचिया बँड क्लबचं अध्यक्षपद. इतकी वर्षं तो चिटणीस होता. चिटणीस म्हणजे खुर्च्या मांडणारा, दिवे विझवणारा आणि अध्यक्षाच्या भाषणाला पहिली टाळी वाजवणारा. दुसरं म्हणजे मिरवणुकीत फादरच्या शेजारी चालायचा मान. आणि तिसरं, ज्यासाठी त्यानं पहिली दोन्ही हसत हसत सोडली असती, ते म्हणजे निस्सू झारबचं उतरलेलं तोंड.

हाल मिल्लार हे गाव माल्टात आहे आणि माल्टातल्या कुठल्याही इभ्रतदार गावासारखं तेही मधोमध फाटलेलं आहे. देऊळ एक, चौक एक, पण संत दोन आणि बँड क्लबही दोन. चौकाच्या या बाजूला सांता लुचियावाले, त्या बाजूला सान रोक्कूवाले. या बाजूचा न्हावी त्या बाजूची दाढी करतो, पण पाणी गार वापरतो. वेंचू या बाजूचा चिटणीस, निस्सू त्या बाजूचा. दोघं एका बाकावर शिकले, एका तळघरात बॉम्बफेकीतून वाचले आणि चर्चच्या दारात भेटले तर एकमेकांच्या टोपीशी बोलतात, माणसाशी नाही.

अशात सिराक्युजहून निरोप आला. समुद्रापलीकडचं, इटलीच्या सिसिली बेटावरचं सिराक्युज म्हणजे खुद्द सांता लुचियाचं माहेर. तिथल्या उत्सव समितीनं कळवलं होतं की यंदा डिसेंबरात देवीची चांदीची मूर्ती बाहेर पडेल, तेव्हा पुढे हाल मिल्लारच्या सांता लुचिया बँडनं वाजवावं. लेकीच्या माहेरून सासरच्या वाजंत्र्यांना बोलावणं यावं, असा प्रकार. बातमी ऐकून निस्सू झारब तीन दिवस दुकानाबाहेर दिसला नाही. त्याला जुलाब झालेत, असं या बाजूनं ठरवून टाकलं.

अडचण एकच होती. पासपोर्ट.

पासपोर्टात राष्ट्रीयत्वाची एक ओळ असते. त्या वर्षी माल्टात सरकारं दोन होती, एक लोकांनी मतं देऊन बसवलेलं आणि एक लंडनहून बोटीनं आलेलं. दोन्ही सरकारांची पासपोर्टाची कचेरी व्हॅलेट्टातल्या एकाच इमारतीत होती, लोकांच्या मंत्र्याची खालच्या मजल्यावर आणि गव्हर्नरच्या सचिवालयाची वरच्या. खालच्यांचं म्हणणं, माणूस माल्टाचा आहे, तर ‘माल्टाचा नागरिक’ असं लिहा. वरच्यांचं म्हणणं, ‘ब्रिटिश प्रजाजन, संयुक्त राज्य आणि वसाहतींचा नागरिक’ असंच लिहायचं; काही वगळायचं नाही, काही जोडायचं नाही. वरचे विचारायचे, माल्टा हा देशच नाही, तर त्याचा नागरिक कसा असेल? खालचे विचारायचे, ‘वसाहती’ नावाचं गाव नकाशात दाखवा, आम्ही तिथं राहायला जातो. फाईल जिन्यानं वर जायची, जिन्यानं खाली यायची, आणि तिला वाहणाऱ्या शिपायाचे गुडघे गेले होते. पासपोर्ट मात्र कुणालाच मिळत नव्हता.

फादर कार्मनं वेंचूला चर्चमागच्या वेस्ट्रीच्या खोलीत बोलावून सोपा रस्ता सांगितला.

“मी यात्रेकरूंचा जथा घेऊन त्याच बोटीनं चाललोय. बिशपसाहेबांचा एकच कागद आहे, सगळ्यांची नावं त्यावर. राष्ट्रीयत्वाची ओळच नाही. नुसतं ‘यात्रेकरू’. तुझा बँड त्यात घालू?”

“यात्रेकरू?” वेंचूनं टोपी दुसऱ्या हातात घेतली. “फादर, सोन्याच्या बटणांचा गणवेश घालून आम्ही यात्रेकरू म्हणून जायचं? आणि जथ्याचं पुढारपण कुणाकडे?”

“माझ्याकडे. कागद माझा आहे ना.”

“मग राहू द्या. बँड जाईल तो बँड म्हणून जाईल.”

“बघ बाबा,” फादर म्हणाला. “निस्सूनं आपल्या क्लबच्या पोरांची नावं घातलीसुद्धा. देवीच्या दर्शनाला येतो म्हणाला.”

“दर्शनाला कसला येतोय? आमची फजिती बघायला येतोय.”

“यात्रेकरूच्या मनात काय आहे ते मी विचारत नाही. अर्धा जथा रिकामा होईल माझा.”

वेंचू दोराखंड आणि बोटीचा रंग विकायचा. गिऱ्हाइकाला लाल रंग हवा आणि दुकानात निळाच असेल, तर निळा विकता आला पाहिजे, या तत्त्वावर त्याचं घर उभं होतं. त्यानं सगळा बँड गणवेशात, वाद्यांसकट बसमध्ये भरला आणि व्हॅलेट्टाला नेला. खालच्या मजल्यावर त्याचा मेव्हणा स्पीरू कारकून होता.

“दाजी, आत या,” स्पीरूनं आवाज खाली आणला. “मंत्रिसाहेबांनी ‘माल्टाचा नागरिक’ असा शिक्का करून घेतलाय. वापरायची कुणाची छाती होत नाही. तुम्ही घ्या, आत्ता मारून देतो. साहेब तुमच्या क्लबला आयुष्यभर विसरणार नाहीत.”

वेंचूच्या डोळ्यांपुढे मंत्रिसाहेब क्लबच्या नव्या झुंबराचं उद्घाटन करताना दिसू लागले. पण लगेच गव्हर्नरही दिसले, ज्यांच्या सहीशिवाय शोभेच्या दारूचा परवाना मिळत नाही. तो जिना चढून वर गेला. वर मिस्टर हॅदरसेज नावाचा लांब मानेचा इंग्रज चहा ढवळत होता.

“आमच्या शब्दांत हवे असतील तर आजच देतो,” हॅदरसेज म्हणाला. “आमच्या शब्दांतले पासपोर्ट घेऊन जितके लोक बाहेर जातील तितकं बरं. लंडनला कळवता येतं, की लोकांची तक्रार नाही.”

आता दुसऱ्या एखाद्या गावचा माणूस असता तर त्यानं एक मजला निवडला असता. पण वेंचू दोन संतांच्या गावात वाढलेला. एकापुढं मेणबत्ती लावली की दुसऱ्यापुढं लावायचीच, कोण कधी उलटेल याचा नेम नाही, हे त्यानं आईच्या दुधाबरोबर घेतलं होतं. दोन्ही सरकारं उपकृत राहतील, झुंबरही येईल आणि दारूही उडेल. तो जिन्याच्या मध्यावर उभा राहिला आणि टाळी वाजवून बँडला म्हणाला, “अर्धे खाली थांबा, अर्धे वर चला. कसेही व्हा, पण निम्मेनिम्म व्हा.”

बँड निम्मानिम्मा झाला. कसा झाला, तिकडे वेंचूचं लक्ष नव्हतं. तो मनातल्या मनात झुंबर टांगत होता.

जिना उंच होता. मोठा ढोल वाजवणारा तुमास माणूस म्हणजे एक पिंपच, आणि त्याच्या पोटावर दुसरं पिंप. त्यानं पहिल्या पायरीकडे पाहिलं आणि तो खालीच बसला. झांजवाला, तुतारीच्या आजोबांसारखी ती अवजड पितळी भोंगं फुंकणारे, छोट्या ढोलांचे दोघं भाऊ, हे सगळे त्याच्याच मापाचे. तेही बसले. क्लॅरिनेट, बासरी आणि कॉर्नेटवाले मात्र सुतळीसारखे. पिनू नावाचा मुख्य क्लॅरिनेटवाला तर फुंकताना वाकला की कुठलं वाद्य आणि कुठला माणूस ते कळायचं नाही. ही सगळी मंडळी दोन दोन पायऱ्या घेत वर गेली. वेंचूनं स्वतःचा पासपोर्ट मेव्हण्याकडूनच घेतला. घरात भांडण नको.

संध्याकाळी सगळ्यांच्या हातात एकसारख्या निळ्या वह्या होत्या. “बाहेरून सगळे सारखे,” वेंचू बायकोला, ग्रेझ्झाला म्हणाला. “आत कोण बघतंय?”

“ज्याला त्याचा पगार मिळतो, तो,” ग्रेझ्झा म्हणाली.

बोट सकाळी सिराक्युजच्या धक्क्याला लागली. फादर कार्मचे यात्रेकरू एका कागदावर भरभर उतरले. त्यात निस्सू झारब आणि त्याची सान रोक्कूची पोरंही होती, सगळे हात जोडून, चेहऱ्यावर पुतळ्यासारखी भक्ती. मग बँडची पाळी आली. धक्क्यावर टेबल मांडून एक मिशाळ अधिकारी संत्रं सोलत बसला होता. त्यानं पिनूची वही उघडली, वाचली, संत्र्याची एक फोड खाल्ली आणि पुन्हा वाचली.

“ब्रिटिश प्रजाजन,” तो म्हणाला. “व्हिसा कुठाय?”

“कसला व्हिसा?” वेंचू पुढे घुसला. “अहो साहेब, आम्ही शेजारचे. वारा फिरला तर तुमच्या इथल्या तळणीचा वास आमच्या इथं येतो.”

“येत असेल. पण कागदावर तुम्ही लंडनचे. लंडनच्या माणसाला आमच्या वकिलातीचा व्हिसा लागतो.”

“मग इथंच द्या.”

“व्हिसाची कचेरी आज बंद.”

“का?”

अधिकाऱ्यानं त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “आज सांता लुचिया.”

एकेक करून सगळ्या क्लॅरिनेट परत बोटीवर गेल्या. मागोमाग बासऱ्या आणि कॉर्नेट. एवढ्यात तुमासनं आपली वही टेबलावर ठेवली. अधिकाऱ्यानं ती उलटसुलट पाहिली, मग नियमांचं जाड पुस्तक काढलं आणि बराच वेळ बोटाला थुंकी लावत पानं चाळली.

“माल्टाचा नागरिक,” तो म्हणाला. “यांच्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही.”

“म्हणजे मलाही परत जायचं?” तुमासनं विचारलं. त्याच्या आवाजात आशा होती, बोटीवर न्याहारी होती.

“परत कशाला? नियमच नाही तर तुम्ही मोडणार काय? उतरा.”

आणि तुमास उतरला. झांजा उतरल्या, छोटे ढोल उतरले, पितळी भोंगं उतरली, वेंचू उतरला. धक्क्यावर माल्टाचे सगळे जाडे नागरिक उभे होते, वर बोटीच्या कठड्याला ब्रिटनचे सगळे बारीक प्रजाजन लटकले होते. मधे पाण्याची एक चिंचोळी पट्टी. वेंचूनं खाली पाहिलं, वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं आणि आपण काय केलंय ते त्याला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. ठेका एका देशात होता आणि सूर दुसऱ्या देशात.

“चिटणीस,” पिनू वरून म्हणाला, “आमचं काय?”

वेंचू ढोलवाल्यांकडे वळला. “वाजवून तर बघू. आपली मार्च, मिरवणुकीची धून, लोकांच्या मनात वाजेल.”

त्यांनी वाजवली. धुम. धुम. झण्ण. भों. वरातीतून नवरा-नवरी दोघंही पळून गेल्यावर मागं राहिलेले बैल चालतात, तशी ती चालली. मासे विकणारी एक म्हातारी टोपली खाली ठेवून उठली, तिनं छातीवर क्रूस काढला आणि हलकेच विचारलं, “कोण गेलं हो?”

तेवढ्यात उत्सव समितीचे प्रमुख आले. खांद्यावरून पट्टा, पट्ट्यावर पदक, पदकाखाली घाम. लोक त्यांना कावालिएरे, म्हणजे सरदार, म्हणत.

“मूर्ती तासाभरात दारात येते,” ते म्हणाले. “बँड कुठाय?”

“हाच,” वेंचू म्हणाला.

कावालिएरेंनी तुमासकडे पाहिलं, झांजांकडे पाहिलं. “आणि गाणं?”

“गाणं बोटीवर आहे.”

“उतरवा मग.”

“ते ब्रिटिश आहे.”

कावालिएरेंचा चेहरा आधी लाल झाला आणि मग पांढरा. देवी सूर नसलेल्या बँडमागं निघाली तर पुढच्या वर्षी मासळीच लागणार नाही, असं कोळी म्हणतील, समिती बुडेल, आणि हाल मिल्लारचं नाव या किनाऱ्यावर पुन्हा कुणी घेतलं तर तोंड धुऊन घेईल. हे सगळं ते एका दमात बोलले आणि घड्याळ काढून उभे राहिले.

मागून कुणीतरी खाकरलं. निस्सू झारब होता. हातात नुगाची, मध-बदामाची वडी, तिचा एक कोपरा खाल्लेला. पंधरा वर्षांत तो पहिल्यांदाच वेंचूच्या टोपीशी न बोलता वेंचूशी बोलला.

“काय रे वेंचू, अडलंय का काही?”

“तुझ्या कामाचं नाही.”

“तसं नाही. माझी क्लॅरिनेटची पोरं आलीत सगळी. दर्शनाला. वाद्यं नाहीत त्यांच्याकडे, पण तोंडं आहेत.”

निस्सूनं वडी तोंडात टाकली आणि सावकाश चघळली.

“तुमची वाद्यं, आमची तोंडं,” तो म्हणाला. “आणि आमची मार्च.”

“काय?”

“तुमची आमच्या पोरांना येत नाही. शिकायचं पाप कुणी केलं नाही. सान रोक्कूची येते. झोपेत येते.”

“सांता लुचियाच्या मूर्तीपुढं, सांता लुचियाच्या गावात, सान रोक्कूची मार्च?” वेंचूचा आवाज फुटला. “निस्सू, तू माणूस आहेस का?”

“मी यात्रेकरू आहे,” निस्सू म्हणाला. “नाहीतर तुमास आहेच. तुमासनं एकट्यानं वाजवलं तरी चालेल.”

फादर कार्म थोडा बाजूला उभा होता. वेंचूनं त्याच्याकडे आधारासाठी पाहिलं. फादरनं आकाशाकडे पाहिलं, जणू पावसाचं चिन्ह आहे का ते बघतोय.

कावालिएरेंनी घड्याळ कानाला लावलं. देवळाच्या घंटा सुरू झाल्या. वेंचूनं मान हलवली. ती होकाराची आहे असं त्याला स्वतःलाही वाटलं नसतं, पण निस्सूला पुरेशी होती.

मग बोटीवरून वाद्यं उतरवायचा प्रकार झाला. गावात बायका गच्चीवरून दोरीनं टोपली सोडून पाव घेतात, तशी टोपली कठड्यावरून खाली आली. तिच्यात एकेक क्लॅरिनेट ठेवताना माणसांनी डोळे मिटले. पिनूनं आपल्या क्लॅरिनेटच्या तोंडाची पत्ती काढून खिशात घातली.

“वाद्य देतो,” तो वरून म्हणाला, “पण ही देणार नाही. या पत्तीला माझे ओठ लागलेत. तिथं रोक्कूवाल्याचे लागले तर उद्या मी बायकोला तोंड कसं दाखवू?”

“ठेव, ठेव,” खालून सान रोक्कूचा पोरगा म्हणाला आणि त्यानं खिशातून आपली पत्ती काढली. त्याच्या शेजाऱ्यानंही काढली. त्याच्या शेजाऱ्यानंही. दर्शनाला निघालेली ही सगळी भाविक मंडळी खिशात जपमाळेबरोबर पत्त्या घेऊन आली होती, हे बघून वेंचू निस्सूकडे वळला. निस्सू शेवटची वडी सोलत होता.

“सवय असते रे पोरांना,” तो म्हणाला.

मूर्ती दारात आली. चांदीची, मेणबत्त्यांनी उजळलेली, हातात ताटली, ताटलीत छळात काढलेले तिचेच डोळे. सगळं सिराक्युज गुडघ्यावर गेलं. तुमासनं ढोलावर पहिला ठोका दिला आणि पुढच्या क्षणी सान रोक्कूची मार्च त्या चौकात उसळली. तुमासचा हात मधेच थांबायला आला होता. पण ढोलवाल्याचा हात हा ढोलवाल्याचा नसतो, ठेक्याचा असतो. तो वाजवत राहिला आणि वाजवता वाजवता रडत राहिला.

सर्वांत मोठा धक्का वेंचूला याचा नव्हताच. दर ऑगस्टला खिडक्या लावून, कानात बोळे घालून ही मार्च त्यानं शिव्या देत ऐकली होती, आणि तिची एकही जागा तो विसरला नव्हता. आता सोन्याच्या बटणांत, बँडच्या अग्रभागी, हजारो लोकांपुढे त्याचा उजवा पाय तिच्यावर ठेका धरत होता. त्यानं डाव्या पायानं उजव्यावर उभं राहून बघितलं. मग डावा हलायला लागला.

लोकांना ती फार आवडली. चौकाच्या कोपऱ्यावर मूर्ती थांबवून त्यांनी ती पुन्हा वाजवायला लावली. कावालिएरेंनी वेंचूच्या दोन्ही गालांचा मुका घेतला आणि म्हणाले, “पुढच्या वर्षीही हीच आणा. देवीला आवडली.” बंदरातल्या बोटीवर पिनू आणि मंडळी कठड्याला टेकून ऐकत होती. पहिल्या सुरालाच कॉर्नेटवाला खाली बसला. त्याला पाणी मारायला लागलं.

ते घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. चौकाच्या या बाजूची सगळी दारं बंद होती. त्या बाजूला फटाके चालले होते.

आठवड्याभरात खालच्या मजल्यावरून मंत्रिसाहेबांचं भाषण झालं, की परक्या देशानं ‘माल्टाचा नागरिक’ हे शब्द मान्य केले, त्यांचं स्वागत केलं आणि त्यांच्यामागून देवीसुद्धा चालली. वरच्या मजल्यावरून हॅदरसेजनं लंडनला कळवलं, की ‘माल्टाचा नागरिक’ असं लिहिलेल्या लोकांना सिसिलीत कुणी ओळखलंच नाही, नियमाच्या पुस्तकात ते नव्हतेच. ब्रिटिश प्रजाजन मात्र तत्काळ ओळखले गेले आणि नियमाप्रमाणे थांबवले गेले. दोघांचं समाधान झालं. फाईल पुन्हा जिन्यावर आली.

सांता लुचिया क्लबनं नवा अध्यक्ष निवडला, पिनूला. चिटणीसपदही वेंचूकडून काढून घेतलं. खुर्च्या मात्र त्यालाच मांडायला लागतात, कारण नवा चिटणीस चष्मा विसरतो.

आणि ऑगस्टात सान रोक्कूचा उत्सव आला. हाल मिल्लारची रीत अशी, की बँड मिरवत मिरवत क्लबच्या उपकारकर्त्याच्या दारात थांबतो आणि त्याच्यासाठी वाजवतो. उपकारकर्त्यानं टोपी काढून उंबऱ्यावर उभं राहायचं आणि घरच्यांनी सगळ्या बँडला खाऊपिऊ घालायचं. सान रोक्कूचा बँड, निस्सू झारब सर्वांत पुढे, वेंचू शिक्लूनाच्या दारात येऊन थांबला. वेंचू पलंगाखाली होता. ग्रेझ्झानं त्याला पायाला धरून ओढलं.

“ऊठ,” ती म्हणाली. “दारात वाजंत्री थांबवून पाठवायची आपल्या घरात रीत नाही.”

“तो निस्सू आहे ग.”

“माहीत आहे मला. भुकेला दिसतोय.”

बँडनं मार्च दोनदा वाजवली. वेंचू टोपी हातात घेऊन उभा होता आणि आपल्या पायांकडे बघत नव्हता. तेव्हा या प्रवासाची किंमत कुणी मोजली म्हणाल, तर मंत्र्यानं नाही, हॅदरसेजनं नाही, कावालिएरेंनी नाही, निस्सूनं तर नाहीच. ती ग्रेझ्झानं मोजली. भावाच्या लग्नासाठी राखून ठेवलेली सगळी वाइन, बदामाची सगळी बिस्किटं आणि सान रोक्कूच्या सगळ्या बायकांसमोर तोंडभरून हसणं. आणि हे दर ऑगस्टला, कारण उपकार एकदा झाला की तो फिटत नाही, असं निस्सू झारब दुसरा ग्लास भरताना म्हणाला.